वाढवा म्हणजे नेमकं काय वाढवा?

लातूरच्या शिकवणी वर्गांत ‘नीट’ची तयारी करणारी हजारो मुलं दरवर्षी एक ओळ पाठ करतात. नैसर्गिक मारक पेशी, म्हणजेच एनके पेशी, हा पांढऱ्या पेशींतल्या लिम्फोसाइटचा एक प्रकार असून तो जन्मजात प्रतिकारशक्तीत मोडतो. चार गुणांचा प्रश्न. उत्तराचा गोल काळा केला की विषय संपला. पाठ्यपुस्तकाला तेवढंच सांगायचं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती या एका ओळीवर उभ्या राहिलेल्या बाजाराबद्दल. ‘एनके पेशी कॅन्सरला मारतात. तुमच्या एनके पेशी कमी झाल्या आहेत. आमच्या कॅप्सूलनं, काढ्यानं, नाहीतर सलाईनमधून दिलेल्या पेशींनी त्या वाढतील.’ हा तीन पायऱ्यांचा युक्तिवाद मोबाइलवरून फिरत फिरत नांदेड-लातूरच्या घरांपर्यंत पोचला आहे. घरात कॅन्सरचं निदान झालं की एकीकडे मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाण्यासाठी देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट बघायला सुरुवात होते आणि दुसरीकडे कोणीतरी नातेवाईक हा मजकूर पुढे ढकलतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. मजकूर लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल तसं म्हणवत नाही.

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसरं वाक्य ज्या तपासणीच्या जोरावर सांगतात तिच्यातून ते निघत नाही. आणि तिसरं खरं ठरलं, पेशी खरोखरच वाढल्या, तरी रुग्णाचं भलं होईल असं नाही. काहींचं नुकसानच होईल. या पेशींच्या बाबतीत कमी-जास्त हा हिशेबच मुळात गैरलागू आहे. एनके पेशी समोरच्या पेशीला मारणार की सोडणार हे त्या किती आहेत यावर ठरत नाही. त्यांच्या अंगावर कोणते रिसेप्टर आहेत आणि समोरच्या पेशीनं त्यांना काय दाखवलं, यावर ते ठरतं.

हे कसं कळलं ते सांगायला हवं, कारण बाजाराच्या युक्तिवादाला सगळ्यात मोठा सुरुंग तिथेच आहे. १९७५च्या सुमाराला स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉल्फ किसलिंग, इव्हा क्लाइन आणि हान्स विगझेल यांना, आणि अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांना, उंदरांमध्ये एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ज्या पेशींची कॅन्सरशी आधी कधी गाठ पडली नव्हती, ज्यांना लस देऊन तयार केलेलं नव्हतं, त्याही कॅन्सरच्या पेशी मारत होत्या. म्हणून नाव पडलं नैसर्गिक मारक. पण काही गाठींवर त्या तुटून पडत आणि काहींना हातही लावत नसत. याचा उलगडा होईना. क्लास कारे या तरुण संशोधकानं १९८१च्या आपल्या प्रबंधात उलटा विचार मांडला. ही पेशी शत्रूची खूण शोधतच नसेल. आपल्या माणसाची खूण गायब झाली आहे का, एवढंच ती पाहत असेल. १९८६ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते दाखवूनही दिलं. उंदराच्या कॅन्सरपेशींवर स्वतःची ओळख सांगणारे रेणू शाबूत असले की गाठ वाढायची. ते रेणू नसलेल्या त्याच जातीच्या पेशींचा एनके पेशी फडशा पाडायच्या.

माणसात ही ओळख म्हणजे एचएलए. किडनी किंवा बोन मॅरो बसवताना दाता ‘जुळतोय का’ म्हणून जे तपासतात तेच हे रेणू. विषाणू घुसलेल्या किंवा कॅन्सरकडे वळलेल्या पेशी प्रतिकारशक्तीच्या टी पेशींच्या नजरेतून सुटण्यासाठी पुष्कळदा आपले एचएलए दडवतात, आणि तिथेच त्या एनके पेशींच्या तावडीत सापडतात. मात्र दडवले नाहीत, तर? तर एनके पेशी शेजारून निघून जाते. कॅन्सरच्या कित्येक गाठी एचएलए पूर्णपणे दडवत नाहीत. अशा गाठीभोवती दुप्पट एनके पेशी जमवल्या, तरी दुप्पट पेशी शेजारून निघून जातील. पहिलं वाक्य अर्धं खरं म्हणालो ते यासाठी.

ही ओळख वाचणारे रिसेप्टर बरेच आहेत. त्यांतलं मोठं कुटुंब केआयआर नावाचं. त्याची सुमारे १५ जनुकं १९व्या गुणसूत्रावर एका रांगेत बसलेली असतात, आणि एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर. दोन्हींचा वारसा एकमेकांशी संबंध न ठेवता येतो. त्यामुळे एचएलए शंभर टक्के जुळणाऱ्या सख्ख्या बहीणभावांचेही केआयआर निराळे असू शकतात. ज्या केआयआरची पेशीच्या आतली शेपटी लांब, ते बहुतेक थांबवणारे. आखूड शेपटीचे चेतवणारे. केआयआर२डीएल१ हा थांबवणारा रिसेप्टर एचएलए-सीच्या एका गटाला ओळखतो, केआयआर२डीएल३ दुसऱ्या गटाला. शिवाय एनकेजी२ए नावाचा आणखी एक थांबवणारा आहे. चेतवणाऱ्यांत एनकेजी२डी हा ताणाखाली आलेल्या पेशीवर उगवणारे रेणू हेरतो, आणि सीडी१६ हा अँटिबॉडी चिकटलेल्या पेशीला धरतो. सीडी१६चं नाव लक्षात ठेवा. किडनीच्या वेळी तो परत येणार आहे.

यातली सगळ्यात अनपेक्षित गोष्ट अशी की, ज्या एनके पेशीच्या थांबवणाऱ्या रिसेप्टरला शरीरात आपला जोडीदार एचएलए कधी भेटतच नाही, ती मोकाट सुटत नाही. ती मंद राहते, कामाची होत नाही. वेसण न घातलेलं खोंड अंगानं कितीही दांडगं असलं तरी औताला जुंपता येत नाही, तसंच हे. जिला आवर घालता येतो तीच पेशी वेळेला नीट मारते. प्रत्येक माणसात अशा तयार आणि मंद पेशींचं मिश्रण वेगळं असतं, कारण प्रत्येकाचं केआयआर आणि एचएलए यांचं जमणं वेगळं. आता यात ‘वाढवा’ म्हणजे काय वाढवा? तयार पेशी? मंद पेशी? चेतवणारे रिसेप्टर? थांबवणारे? कॅप्सूलच्या डबीवर यांतलं काहीच लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या वाक्याकडे वळू. ‘तुमच्या एनके पेशी कमी आहेत’ हे रक्ताच्या एका तपासणीवरून सांगतात. निरोगी माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइटमध्ये साधारण ५ ते १५ टक्के एनके पेशी असतात, आणि हा आकडा दिवसभरात, तापात, ताणात, व्यायामात हलतो. जोराचा व्यायाम केला की रक्तवाहिन्यांच्या कडेला रेंगाळणाऱ्या एनके पेशी प्रवाहात येतात आणि आकडा फुगतो; थोड्या वेळानं तो पूर्वीपेक्षाही खाली जातो. तपासणीपूर्वी चार जिने धावत चढलेला माणूस कागदावर जास्त ‘सशक्त’ दिसेल. आणि आकडा खूपच जास्त असणं हे काही सुखाचं लक्षण नाही. एनके पेशींचाच ल्युकेमिया असतो, आणि त्याचा एक प्रकार फार झपाट्यानं माणूस नेतो.

या बाजाराचा त्यातल्या त्यात सज्जन वकील जपानच्या एका अभ्यासाचा दाखला देतो, आणि त्याला उत्तर देणं भाग आहे. सैतामा प्रांतातल्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांचा अकरा वर्षं पाठपुरावा करून काझुए इमाई आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की, ज्यांच्या रक्तपेशींची मारक क्षमता मध्यम किंवा जास्त होती त्यांना कॅन्सर कमी झाला. अभ्यास चांगला आहे. पण त्यात कोणाची क्षमता कोणी वाढवली नव्हती. ज्यांची मुळात कमी होती त्यांना काहीतरी देऊन ती वर नेली आणि मग कॅन्सर टळला, असं त्यात कुठेही नाही. क्षमता कमी असणं हे कॅन्सरचं कारण होतं, की ज्या कारणानं पुढे कॅन्सर झाला त्यानंच ती आधी कमी केली होती, हेही अशा अभ्यासातून वेगळं करता येत नाही. दुसरं म्हणजे, अशी मारक क्षमता मोजायला प्रयोगशाळेत सर्रास के५६२ नावाच्या ल्युकेमिया पेशी वापरतात, आणि त्या वापरण्याचं कारणच हे की त्यांच्यावर नेहमीचे एचएलए जवळजवळ नसतात. म्हणजे थांबवणाऱ्या रिसेप्टरांना काही कामच नाही अशा जागी घेतलेली ही परीक्षा. त्या पेपरात मिळालेले गुण रुग्णाच्या पोटातल्या, एचएलए मिरवणाऱ्या गाठीविरुद्ध किती उपयोगी पडतील?

तिसरा दावा सर्वांत महागडा. रुग्णाचंच रक्त घ्यायचं, त्यातल्या एनके पेशी प्रयोगशाळेत कोट्यवधींनी वाढवायच्या आणि सलाईनमधून परत द्यायच्या. लाखांमध्ये बोलणी होतात; त्यासाठी कोणी एकर-दोन एकर काढलं तर नवल नाही. हा प्रयोग कोणी केलाच नाही असं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या चमूनं तो केला आणि २०११ साली छापला. निबंधाच्या शीर्षकातच निकाल होता: स्वतःच्या एनके पेशी परत दिल्यावर रक्तात त्यांचं प्रमाण खूप वाढतं, पण गाठ मागे हटत नाही. रुग्णांच्या अंगात त्या पेशी भरपूर होत्या, टिकूनही होत्या. पण त्यांच्यावरचा एनकेजी२डी घटला होता आणि गाठीच्या पेशींना त्या पुन्हा चेतवल्याशिवाय मारत नव्हत्या. ‘वाढवा’ हा सल्ला याहून तंतोतंत अमलात आणणं शक्य नाही, आणि याहून तंतोतंत तो फसणंही.

यावर उत्तर येतं की, मग ल्युकेमियात एनके पेशींनी चमत्कार केल्याचं संशोधन खोटं का? खोटं नाही. पण ते परक्या एनके पेशींचं आहे. इटलीतल्या पेरुजियाच्या लोरेदाना रुजेरी आणि आंद्रेया वेलार्दी यांनी २००२ साली ‘सायन्स’मध्ये दाखवलं की, एका प्रकारच्या तीव्र ल्युकेमियात अर्ध्याच जुळणाऱ्या नातेवाइकाचा मॅरो दिला आणि दात्याच्या एनके पेशींवर असा केआयआर असला की ज्याचा जोडीदार एचएलए रुग्णाकडे नाही, तर आजार उलटण्याची शक्यता जवळपास शून्यावर आली. जिथे असं विजोड नव्हतं तिथे ती पंचाहत्तर टक्के होती. ज्याची भीती वाटायची, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर चालून जाणं, तेही या विजोडपणामुळे वाढलं नाही. हे यश संख्येचं नव्हे, विजोडाचं. रुग्णाच्या स्वतःच्या एनके पेशी त्याच्याच एचएलएच्या सहवासात वाढलेल्या. त्यांनी आपल्याच माणसाच्या पेशींना परकं का मानावं?

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात २०२० साली अकरापैकी आठ रुग्णांचा कॅन्सर ज्या एनके पेशींनी मागे हटला, त्याही नाळेच्या परक्या रक्तातून काढून, जनुकीय बदल करून, त्यांच्यावर मुद्दाम नवा रिसेप्टर बसवून दिलेल्या होत्या. पुन्हा रिसेप्टरच.

जाता जाता नाळेच्या रक्ताचं. बाळंतपणाच्या वेळी ‘बाळाचं आयुष्यभराचं कवच’ म्हणून ते साठवायला सांगणारे प्रतिनिधी आता तालुक्याच्या दवाखान्यांतही फिरतात. मुलाला पुढे ल्युकेमिया झाला तर त्याचंच नाळेतलं रक्त त्याला फारसं कामाचं नाही. त्यात कॅन्सरला परकं मानणाऱ्या पेशी नाहीत, आणि आजाराचं बीज त्यातच असण्याचा संभव आहे. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर तेच सदोष जनुक त्या रक्तातही आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की, पुढे स्वतःच्याच वापरासाठी नाळेचं रक्त जपण्याला शास्त्रीय आधार नाही. प्रतिनिधीच्या रंगीत पुस्तिकेत हे वाक्य शोधून बघा.

आता किडनी. मराठवाड्यातला किडनीचा रुग्ण डायलिसिस लातूर-नांदेडला करतो आणि प्रत्यारोपणासाठी पुणं, मुंबई, हैदराबाद किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतो. मेंदूमृत दात्याकडून मिळणाऱ्या किडनीची मराठवाड्याची यादी संभाजीनगरच्या विभागीय समितीकडे असते. पण बहुतेकांना किडनी मिळते ती आईची नाहीतर बायकोची. देणाऱ्यांत बायकाच जास्त, हे वेगळं सांगायला नको. बायकोचा आणि नवऱ्याचा एचएलए जुळण्याचं काही कारण नसतं. मग नवऱ्याच्या एनके पेशींना बायकोच्या किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांवर आपला ओळखीचा एचएलए दिसला नाही, तर काय होत असेल? फ्रान्समध्ये ल्योंच्या संशोधकांनी २०१९ साली याचंच उत्तर दिलं. ज्या रुग्णांच्या रक्तात किडनीविरुद्ध अँटिबॉडी सापडत नाहीत आणि तरीही बारीक रक्तवाहिन्या सुजून किडनी हळूहळू निकामी होते, त्यांतल्या काहींमध्ये कारेनं सांगितलेलाच प्रकार घडतो. ओळख दिसली नाही म्हणून एनके पेशी चेततात. आणि जिथे अँटिबॉडी असतात तिथे एनके पेशी सीडी१६नं त्या धरून किडनीच्या भिंतीवर हल्ला चढवतात.

व्हिएन्नात अशा अँटिबॉडींमुळे होणाऱ्या रिजेक्शनवर, म्हणजे शरीरानं किडनी नाकारण्यावर, फेल्झार्टामॅब नावाचं औषध वापरून पाहिलं गेलं. अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशींबरोबरच ते एनके पेशीही घटवतं. २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला: औषध मिळालेल्यांपैकी तपासलेल्या अकरांतल्या नऊ जणांच्या किडनीतलं रिजेक्शन निवळलं, न मिळालेल्या दहांतल्या दोघांचं. चाचणी लहान आहे, मोठी व्हायला हवी. पण दिशा बघा. किडनी वाचवायला एनके पेशी कमी कराव्या लागल्या. आणि आपल्याकडे किडनी बसवलेल्या माणसाला त्याचे हितचिंतक एनके पेशी वाढवायचा काढा आणून देतात. ती किडनी टिकावी म्हणून त्याला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड रोज घ्यावी लागतात, हे सगळं कशासाठी? प्रतिकारशक्ती आवरण्यासाठीच ना?

अर्थात यालाही दुसरी बाजू आहे, आणि ती लपवली तर मीही जाहिरातदारासारखाच ठरेन. स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या डॉक्टरांना किडनी बसवलेल्यांमध्ये असं दिसलं की, ज्यांच्याकडे चेतवणारे केआयआर जास्त त्यांना सीएमव्ही विषाणूचा त्रास कमी होतो. म्हणजे त्याच माणसात त्याच पेशी एका आघाडीवर राखणदार आणि दुसऱ्या आघाडीवर घातक. एका कॅप्सूलनं यातली एकच आघाडी निवडून वाढवता येते, असं कोणी सिद्ध केलं असेल तर त्यानं पुढे यावं.

गुळवेलीबद्दल बोललं की आपल्याकडे लोक दुखावतात, तरी बोललं पाहिजे. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते. मुंबईच्या यकृततज्ज्ञ आभा नगरळ आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली असे काढे घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. इजेचं स्वरूप असं होतं की जणू शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली आहे. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला. गुळवेलीऐवजी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल, असं म्हटलं गेलं. मग २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास छापला, आणि त्यातही चित्र तेच निघालं. या रुग्णांत एनके पेशींचा हात होता असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला इजा होते असंही नाही. म्हणणं इतकंच की प्रतिकारशक्ती डिवचणारा पदार्थ ती कोणाविरुद्ध डिवचतो हे निवडत नाही. त्यात काही वनस्पतींनी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वरखाली होते. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला हा जुगार परवडत नाही.

आणि आता या बाजाराचा कळस. कॅन्सरच्या रुग्णाला एनके पेशी वाढवायला सांगणारं हेच जग, मूल होत नाही किंवा गर्भ टिकत नाही म्हणून आलेल्या बाईला सांगतं की तुमच्या एनके पेशी जास्त आहेत, त्या कमी करू! त्यासाठी रक्ताची तपासणी, मग स्टेरॉइड, मग शिरेतून चरबीचं द्रावण. पण रक्तातल्या एनके पेशी आणि गर्भाशयातल्या एनके पेशी या दोन वेगळ्या जाती. गर्भाशयातल्या पेशी गर्भाला मारत नाहीत. वारेच्या पेशींशी संधान बांधून आईच्या धमन्या रुंद व्हायला मदत करतात. केंब्रिजच्या अ‍ॅशली मॉफेट यांच्या चमूनं २००४ साली दाखवलं की, आईकडे चेतवणारे केआयआर जवळपास नसतील आणि बाळाकडे एचएलए-सीचा विशिष्ट गट असेल, तर प्री-एक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब घातक वाढण्याचा, धोका वाढतो. म्हणजे इथे अडचण एनके पेशी फार चेतल्याची नव्हे, पुरेशा न चेतल्याची. त्याच वर्षी मॉफेट यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या तपासण्यांविरुद्ध लिहिलं. ब्रिटनची वंध्यत्व उपचारांची नियामक संस्थाही प्रतिकारशक्तीच्या या तपासण्यांना आणि उपचारांना पुरेसा पुरावा नसल्याचं सांगते. एकाच पेशीच्या नावानं एका दालनात ‘वाढवा’ आणि शेजारच्या दालनात ‘कमी करा’ विकलं जातं, आणि गिऱ्हाईक दोन्हीकडे हताश असतं.

इथे काही डॉक्टर मित्र म्हणतील, एवढं सगळं खरं, तर प्रत्येक प्रत्यारोपणाआधी केआयआरची तपासणी करून घ्यायला लोकांना सांगा की. नाही सांगणार. पेरुजियाचं यश दात्याच्या मॅरोतून टी पेशी काढून टाकण्याच्या पद्धतीतलं होतं. आपल्याकडे अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकाचा मॅरो बहुतेकदा प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड देऊन बसवतात, कारण ते स्वस्त पडतं. ते औषध सुरुवातीला वाढणाऱ्या दात्याच्या एनके पेशीही मारून टाकतं. पद्धत बदलली की फायदाही बदलतो. मिनियापोलिसच्या संशोधकांनी नंतर विशिष्ट केआयआर असलेले दाते ल्युकेमियात बरे, असं दाखवलं. २०१२ साली आणखी एक मोठा अभ्यास त्याच दिशेनं गेला. पण जर्मनीतल्या योहानेस शेटेलिग यांच्या गटानं २०२० साली दोन हजारांहून अधिक रुग्णांवर त्यांतली काही सूत्रं ताडून पाहिली, तेव्हा ती टिकली नाहीत. जे शास्त्र अजून आपसात भांडतंय, त्याचं बिल रुग्णाच्या नावावर फाडू नये.

पण यावरून ‘हे सगळं परदेशी खूळ, आपल्याला काय करायचं’ असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. केआयआरचे ढोबळ दोन गट मानतात. एकात चेतवणारी जनुकं कमी, दुसऱ्यात जास्त. जपानमध्ये पहिल्या गटाचा भरणा आहे, भारतात दुसऱ्याचं प्रमाण बरंच मोठं. जर्मनीत किंवा जपानात बसवलेलं सूत्र किनवटच्या माणसाला लागू होईल हे गृहीत कसं धरायचं? आपल्या राज्याचा या शास्त्राशी संबंध नाही असंही नाही. पारशी समाज आणि भारतातले इतर समूह यांच्या केआयआरची तुलना करणारा अभ्यास २००८ साली छापला गेला, त्यात टाटा रुग्णालयाचे राजेंद्र बडवे सहलेखक होते. अशी कामं गोंड, कोलाम, आंध, वंजारी, मराठा, लिंगायत अशा आपल्याकडच्या समूहांत व्हायला हवीत. नांदेडच्या विष्णुपुरीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेच स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, लातूरला विलासराव देशमुखांच्या नावाची वैद्यकीय संस्था आहे. डॉक्टर घडवण्याचा डंका पिटणाऱ्या या पट्ट्यानं निदान एचएलए आणि केआयआरचे नमुने तरी गोळा करावेत. किडनी बसवून परत आलेल्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवावी. कोणाची टिकली, कोणाची गेली, आणि का. हे काम विद्यार्थीही करू शकतात.

आणि आज, या क्षणी, रुग्णाच्या घरच्यांनी कशावर पैसे घालवावेत? किनवट-माहूरकडच्या सिकलसेलच्या मुलाला, लातूरच्या थॅलेसेमियाच्या मुलीला, केआयआरची नव्हे, सख्ख्या भावंडांच्या एचएलए तपासणीची गरज आहे. प्रत्येक भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. ती तपासणीच कित्येकांची होत नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना जुळणारा नातेवाईक दाता असेल तर कोल इंडियाच्या बाल सेवा योजनेतून प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते, हेही अनेकांना कोणी सांगत नाही. कॅन्सरमध्ये पेशींचा खरा उपचार हवा असेल तर तोही आपल्याकडे आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ला केंद्रीय औषध नियंत्रकांनी ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी दिली. त्याआधी रुग्णांवर चाचण्या झाल्या, निकाल तपासले गेले, आणि तो ठरावीक प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरपुरताच आहे असं उघड सांगितलं गेलं. एनके पेशींचं सलाईन विकणाऱ्याला एवढंच विचारा: तुमची चाचणी कुठे नोंदली आहे, मंजुरीचा कागद कुठे आहे, आणि चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे कसे घेता?

किडनी, यकृत किंवा मॅरो बसवलेल्या कोणीही प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीही, मग ते चूर्ण असो, काढा असो वा परदेशातून आणलेली गोळी, आपल्या प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आधीच घेत असाल तर लपवू नका, पुढच्या भेटीत सांगा. आणि कॅन्सर बरा करण्याची जाहिरात दिसली, मग ती फलकावर असो की मोबाइलवर, तर तिचा फोटो काढून ठेवा आणि लातूर किंवा नांदेडच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. १९५४च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याच्या परिशिष्टात कॅन्सरचं नाव आहे. त्यावर इलाज म्हणून औषधाची जाहिरात करणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्याच खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.